बोंबल्या आणि त्याची पिवळी टोपी

मी एक जुना स्मोक अलार्म आहे. मित्रांनो, माझ्यासारखे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील, पण आमच्याकडे मान वर करून कुणी मुद्दाम बघत नाही. छताला चिकटलेला ताटलीएवढा पांढरा डबा आणि त्यात एक बारीक हिरवा दिवा, एवढंच माझं रूप. आज मात्र मी छतावर नाही. शिवणाच्या टेबलावर उताणा पडलो आहे. शेजारी मोठी कात्री आहे, खडूचे तुकडे आहेत, आणि दहा वर्षं माझ्या पाठीला जोडलेल्या तारा आज सकाळी सोडवल्या गेल्या आहेत. पोटातल्या बॅटरीत थोडी धुगधुगी शिल्लक आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकतो.

आधीच कबूल करतो, माझा स्वभाव काळजीचा आहे. पंखा फिरतो, दिवा उजळतो, घड्याळ पुढे सरकतं. त्यांना रोज काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. मी नुसती वाट बघतो, आणि ज्याची वाट बघतो ते कधी येऊ नये म्हणून देवाला हातही जोडतो, म्हणजे मला हात असते तर जोडले असते. अशा नोकरीत जीव टांगणीला लागला तर नवल काय? मी तर स्वतःच टांगलेला.

माझा जन्म कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या एका बाईने मला काचेच्या पेटीत ठेवलं आणि आत धूर सोडला. आयुष्यातला तो माझा पहिला वास. मी असा काही किंचाळलो की ती दचकली नाही याचंच मला आश्चर्य वाटलं. तिने माझ्या पोटावर तारीख छापली, दहा वर्षांनी बदला असा शेरा मारला, आणि पातळ पिवळ्या प्लास्टिकची एक टोपी माझ्या तोंडावर चढवली. बसवताना छताचा चुरा आत जाऊ नये म्हणून ती टोपी. बसवून झालं की काढायची, असं तिच्या कडेवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. ही टोपी लक्षात ठेवा, मित्रांनो.

या घरात मी आलो त्याला एक घटना कारण झाली. माझ्या आधी इथे बॅटरीवर चालणारा एक अलार्म होता. तो दिसायला ठणठणीत होता, फक्त त्याच्या पोटात बॅटऱ्या नव्हत्या. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला तेव्हा त्या "आजच्यापुरत्या" काढल्या होत्या, आणि तो आज काही संपला नव्हता. अशा दिवसांत एका दुपारी घरातली आई दळणाला म्हणून बाहेर पडली. आई घरीच कपडे शिवते. तळमजल्यावर जिन्यालगत तिची शिवणाची खोली आहे. इस्त्री फळीवर तापलेली राहिली आणि फळीवरचं कापड धुमसायला लागलं. वरच्या खोलीत बाबांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, झोपली होती. आत्याला कमी ऐकू येतं, आणि दुपारी झोपताना ती कानाचं मशीन काढून डबीत ठेवते. आई परत आली तर दारातच करपट वास. तिने पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, निभावलं. आत्याला हे कळलं थेट संध्याकाळच्या चहाला. ती म्हणाली, "अगं, मला उठवायचंस तरी."

दुसऱ्या दिवशी आई आणि बाबा दुकानात आले. मी उघड्या खोक्यात काउंटरवर होतो, त्यामुळे सगळं बोलणं ऐकलं.

बाबा म्हणाले, "बॅटरीवरचाच घेऊ या. दोन स्क्रू मारले की झालं. हा तारेवरचा म्हणजे छताला खाचा मारा, पाइप घाला, परत लिंपा. चांगलं छत खराब होणार."

"मागच्याच्या बॅटऱ्या कुठे गेल्या?" आईने विचारलं.

बाबांनी पाकीट बाहेर काढलं.

"आपल्या घरात जी बॅटरी निघू शकते ती निघणारच," आई म्हणाली. "मला आपलं घर माहीत आहे. अहो, यात काढण्यासारखं काही आहे का?" हे तिने दुकानदाराला विचारलं.

दुकानदाराने मला हातात घेऊन उलटा केला. म्हणाला, "हा घरच्या विजेवर चालतो. वीज गेलीच तर पोटात बॅटरी आहे, पण ती तुमच्या हाताला लागायची नाही. आणि ही तिसरी तार बघा. घरात तीन बसवले तर तिघांना ही जोडते. एकाला धूर लागला की तिघेही ओरडतात."

"म्हणजे खाली धूर झाला तर वर ताईंच्या खोलीत वाजेल?"

"उशाशी वाजेल."

"मग दुसरं काही दाखवूच नका," आई म्हणाली.

असे आम्ही तिघे भाऊ या घरात आलो. मी थोरला, तळमजल्याच्या पॅसेजमध्ये, शिवणाच्या खोलीच्या दारापासून चार पावलांवर. मधला जिन्याच्या वरच्या टोकाला. धाकटा आत्याच्या खोलीत. बसवायला वायरमन आला होता. बोलण्यात तुसडा, पण कामात चोख. त्याने आमच्या टोप्या काढून बाबांच्या हातात दिल्या, मग पिशवीतून एक डबी काढली आणि तिच्यातला धूर माझ्या तोंडावर फवारला. मी ओरडलो. वर मधला ओरडला, धाकटा ओरडला. आत्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण मेलं एवढं बोंबलतंय?" तिने कानात मशीन घातलेलं नव्हतं. आईने डोळे पुसले ते मी पाहिलं. तेव्हापासून माझं नाव बोंबल्या पडलं ते पडलंच.

जाताना वायरमन म्हणाला, "दर रविवारी बटण दाबून बघा. पण एक सांगतो, बटणाने याचा गळा कळतो, नाक कळत नाही. नाक बघायचं तर धूरच लागतो. वर्षाला एकदा मला बोलवा, डबी घेऊन येतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या वर्षी बोलावलं, दुसऱ्या वर्षीही बोलावलं. पुढे मात्र रविवारचं बटण तेवढं राहिलं.

ते रविवार फार छान होते. आई केरसुणीच्या दांड्याने माझं बटण दाबायची. घरातली धाकटी, जिला सगळे चिंगी म्हणतात, ती मोठ्याने एक ते दहा मोजायची. दहा झाले की दांडा खाली. आत्या मुद्दाम मशीन काढून वर पलंगावर पडलेली असायची. ऐकू आलं की ती पडल्या पडल्याच काठीने जमिनीवर तीन ठोके द्यायची. ठक, ठक, ठक. तळमजल्यावर चिंगी टाळ्या पिटायची. त्या तीन ठोक्यांची मला इतकी ओढ लागली होती की शनिवारपासूनच मला रविवारचे वेध लागायचे. एखाद्या आठवड्यात उशीर झाला तर मनात नाही नाही ते यायचं.

आता बाबांविषयी सांगायला हवं. माणूस लाख मोलाचा. ते शाळेच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळतात. तिथे सूक्ष्मदर्शकावर झाकण, तराजूवर झाकण, काचेच्या नळ्या कापसात. त्यांच्या हाताखालचं एकही यंत्र कधी गंजलं नाही. "झाकलेलं टिकतं," हे त्यांचं ब्रीदवाक्य, आणि ते ब्रीद त्यांनी घरीही आणलं. रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. सोफ्याच्या गाद्यांवर दुकानातलं प्लास्टिक तसंच, त्यामुळे उन्हाळ्यात बसलेला माणूस उठला की चर्रकन आवाज होतो. फ्रिजच्या दारावरचा कागदही सोललेला नाही. आई चिडवायची, "लग्नातलं कव्हर माझ्यावरच तेवढं ठेवायचं राहिलं." बाबा हसायचे आणि खोकी, दोऱ्या, झाकणं कपाटात रचून ठेवायचे. आमच्या तीन पिवळ्या टोप्याही त्याच कपाटात होत्या.

सुरुवातीची वर्षं माझ्या कौतुकाची गेली. एकदा गॅसवर दूध आटून पातेलं काळं झालं तेव्हा मी बोंब ठोकली आणि शेजारीपाजारी माझं नाव झालं. कधी इस्त्रीच्या वाफेने उगाच ओरडलो तेव्हा शिव्याही खाल्ल्या. असून अडचण, नसून खोळंबा, असं आत्या माझ्याबद्दल म्हणायची, आणि रोज खाली आली की काठी उंचावून मला नमस्कारासारखं काहीतरी करायची. मला इथले वास पाठ झाले होते. शिवणाच्या मशीनचं तेल, ओल्या कापडावर फिरणारी इस्त्री, खडूची भुकटी. नाकाने मी हे घर ओळखत होतो.

पण एक गोष्ट मला आतून कुरतडायची. मी आलो तेव्हा आई बाहेर पडताना तीनदा मागे वळायची. इस्त्रीचं बटण बघायची, फळीवर हात ठेवून बघायची, दारातून परत यायची. हळूहळू ती दोनदा वळायला लागली. मग एकदा. मग तर बाहेर जाताना नुसतं मला बघून म्हणायची, "बोंबल्या आहे की." मला घाम फुटायचा. मी फक्त ओरडू शकतो हो, मला इस्त्री बंद करता येत नाही. तिच्या बोर्डावर दोन बटणं शेजारी शेजारी होती, एक शिवणाच्या मशीनवरच्या दिव्याचं आणि एक इस्त्रीचं. दोन्ही दिसायला अगदी सारखी.

सातव्या वर्षी पॅसेजला रंग द्यायचं ठरलं. रंगारी आला. डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, हातात मोठा ब्रश, आणि स्वभावाने नको तितका काळजीवाहू. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, याचं तोंड झाकायला काही आहे का? रंगाचे थेंब आत जातील."

बाबांचा चेहरा उजळला. ते कपाटापाशी गेले आणि सात वर्षं जपलेली पिवळी टोपी घेऊन आले. आईला म्हणाले, "बघ. म्हणत होतीस ना, कशाला ठेवता म्हणून?"

टोपी चढली आणि माझ्यापुरता सगळा वास बंद झाला. दोन दिवसांची गोष्ट आहे, असं मी मनाला समजावलं. दोन दिवसांनी काम संपलं. रंगारी घडीच्या शिडीवर चढला आणि टोपीला हात घालणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "राहू द्या, राहू द्या. छान बसलीये. धूळ नाही, कोळ्याची जाळी नाही. झाकलेलं टिकतं."

"पण साहेब, याला उघडं लागत नाही का?"

"हिरवा दिवा दिसतोय ना आतून? चालू आहे तो. थांबा, दाखवतोच तुम्हाला." बाबांनी केरसुणीचा दांडा आणला. टोपीचं प्लास्टिक मऊ होतं, दांडा दाबला की बटणही दाबलं जायचं. मित्रांनो, मी ओरडलो. त्याला काय करणार? बटण दाबलं की ओरडायचं, एवढंच मला येतं. वरून तीन ठोके आले.

"बघा," बाबा म्हणाले.

रंगाऱ्याने खांदे उडवले. "घर तुमचं." तो लांब शिडी घेऊन शेजारच्या घराची बाहेरची भिंत रंगवायला गेला. ते काम पावसामुळे अडत पुष्कळ महिने चाललं.

त्यानंतरचे चार महिने मला आठवले तरी अजून धडकी भरते. माझ्या नाकाशी फक्त प्लास्टिक होतं. इस्त्री कुठे ठेवली आहे, दूध उतू चाललं आहे का, काही कळेना. दिवसभर हिरवा दिवा लावून मी बसायचो. तो दिवा बघून सगळे निर्धास्त व्हायचे, आणि मला त्या दिव्याचीच लाज वाटायची. दर रविवारी दांडा यायचा, चिंगी मोजायची, मी बोंबलायचो. माझ्या बोंबलण्यात मी किती काय घालायचा प्रयत्न करायचो, तुम्हाला काय सांगू. अरे, माझं तोंड बांधलंय, मला वास येत नाही, तुम्ही माझ्या भरवशावर राहू नका. पण माझा आवाज एकच. आनंदाचा, भीतीचा, खरा, खोटा, सगळा एकच. ते हसायचे आणि आत्या ठोके द्यायची. त्याच ठोक्यांची आता मला भीती वाटायची.

आणि एका बुधवारी, दुपारी, ते झालं.

बाबा शाळेत, चिंगीही तिच्या शाळेत. आत्या जेवून वर झोपलेली, मशीन डबीत. आई एका कोटाच्या बाहीला इस्त्री करत होती. ज्यांचा कोट होता त्या बाईंचा फोन आला. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि त्यांना घाई होती. आईने इस्त्री फळीवर टेकवली, कोट उचलला आणि बटण बंद केलं. बंद झालं ते शिवणाच्या मशीनच्या दिव्याचं. माझ्याखालून जाताना ती म्हणाली, "आलेच रे पाच मिनिटांत."

आत काय झालं ते मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. फळीवरची गादी धुमसली. तिच्याखाली कापसाची आणि चिंध्यांची पिशवी होती, तिच्यावर ठिणगी पडली. धूर छताला लागला, दारातून बाहेर आला आणि माझ्या अंगाखालून, माझ्या टोपीला घासून जिन्याकडे गेला. मी हिरवा दिवा लावून शांत होतो. घरात आग लागली होती आणि घरात सगळ्यात शांत मीच होतो.

धूर जिना चढून वर गेला तेव्हा मधल्याला तो लागला. मधल्याच्या तोंडावर टोपी नव्हती. तिसऱ्या तारेतून हाक आली आणि मी ओरडलो. का ओरडतो आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण आज रविवार नाही एवढं ठाऊक होतं. वर धाकटाही ओरडत होता. मी कान लावून बसलो. आत्या, ऊठ. आत्या, ऊठ.

आणि वरून ठोके आले. ठक, ठक, ठक.

मित्रांनो, ज्या आवाजासाठी मी सात वर्षं जगलो, तो ऐकून माझा जीवच गेला. तिला वाटलं, चिंगी शाळेतून लवकर आली असेल आणि परीक्षा घेत असेल. तिने ऐकू आल्याचं कळवलं आणि कूस बदलली.

मी ओरडत राहिलो. आत्यानेच नंतर सांगितलं, ती झोपेत सवयीने मोजत होती. सात, आठ, नऊ, दहा. दहाला थांबायला हवं होतं. अकरा. बारा. पंधराला तिने डोळे उघडले. विसाला ती उठून दारापाशी गेली आणि दार उघडलं. जिना धुराने गच्च भरला होता. दोन श्वासांत तिच्या छातीत आणि घशात जायचा तो धूर गेला. तिने दार लोटलं, पांघरूण दाराच्या फटीत कोंबलं आणि खिडकी उघडून हाका मारायला लागली.

कोटाचं एक बटण तिथेच हलवून देण्यात आईच्या पाच मिनिटांची वीस झाली होती. गल्लीच्या तोंडाशी तिने त्या हाका ऐकल्या. कोट तिथेच टाकून ती धावली. दार उघडून पॅसेजमध्ये आली तर पुढचं काही दिसेना. "ताई!" म्हणत ती त्या धुरात शिरणार, तेवढ्यात कुणीतरी मागून तिचा दंड धरला. तो रंगारी होता.

"आत नको, बाई. बाहेरून घेतो त्यांना. शिडी आहे माझ्याकडे."

"त्या सत्तरीच्या आहेत, शिडीवरून कशा येतील?"

"मी आणतो. तुम्ही खाली शिडी धरा. घट्ट धरा."

हे सगळं मी फक्त ऐकत होतो. मध्येच घरची वीज गेली, तेव्हा पोटातल्या बॅटरीवर ओरडत राहिलो. आई बाहेर शिडी धरून "एक पायरी, ताई, आणखी एक पायरी" म्हणत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग रंगाऱ्याचा आवाज आला, "आल्या खाली." तेव्हाही मी थांबलो नाही. मला थांबता येत नव्हतं.

बंबवाले आले, आग विझली. शिवणाची खोली काळी ठिक्कर पडली, पण जिना वाचला. काळ आला होता पण वेळ आली नव्हती, असं जमलेले लोक म्हणत होते. तोवर बाबा शाळेतून धावत आले होते. त्यांच्या शर्टाच्या खिशाला अजून प्रयोगशाळेच्या किल्ल्या लटकत होत्या. बंबवाल्यांपैकी एक जाडसर गृहस्थ स्टुलावर चढले. काजळीने मी दिसतही नव्हतो. त्यांनी बोटाने चाचपलं आणि टोपी ओढून काढली.

टोपी बाहेरून काळीकुट्ट होती. आत मी पांढराशुभ्र होतो, दुकानातून आणल्यासारखा.

"हे कुणी लावलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," बाबा म्हणाले.

"हा जिन्यावरच्याच्या आधी पाच-सात मिनिटं वाजायला हवा होता. तेव्हा आजी जिन्याने चालत उतरल्या असत्या." ते रागावले नाहीत. माझ्यावरून एक बोट फिरवून म्हणाले, "नवाच राहिलाय की हो हा."

बाबा खाली बसले. जळक्या पाण्यात, पॅसेजच्या फरशीवर, तसेच बसले, आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो. त्यांनी आयुष्यात एकही वस्तू बिघडू दिली नव्हती. मलाही दिली नाही. पण मला टिकवायला आणलंच नव्हतं, मला बहिणीसाठी आणलं होतं, हे ते विसरले होते. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. त्या क्षणी तो गेला.

आत्या तीन आठवडे दवाखान्यात होती. परत आली तेव्हा तिचा आवाज गेला होता. पूर्वी ती वरून "चहा टाका गं" म्हणाली की चार घरांना चहाची वेळ कळायची. आता घोगरी कुजबुज तेवढी उरली. ज्या बाईने माझं नाव बोंबल्या ठेवलं, तिलाच पुन्हा कधी मोठ्याने बोलता आलं नाही. माझा आवाज अजून खणखणीत होता. त्यानंतर कितीतरी दिवस मला स्वतःच्या आवाजाची शरम वाटत होती.

आत्या आली त्या संध्याकाळी बाबांनी सोफ्याचं प्लास्टिक फाडलं. रिमोटची पिशवी काढली, फ्रिजवरचा कागद सोलला. आईने इस्त्रीच्या बटणाला लाल दोरा गुंडाळला, आणि पुन्हा तीनदा मागे वळायला लागली. वायरमनला बोलावणं गेलं. त्याने येऊन डबीतला धूर माझ्यावर सोडला. मी ओरडलो. तेव्हा तो म्हणाला, "नाक शाबूत आहे याचं. राहू दे." आणि आत्याने कुजबुजत नवा नियम केला. आता ठोके नाहीत. वाजलं की उठायचं आणि चालत खाली यायचं, दर वेळी, रविवार असो की बुधवार. पलंगावरून हो म्हणायला काय लागतं, असं ती म्हणाली.

तीन वर्षं तसंच चाललं. आज माझ्या पोटावरची तारीख भरली आणि वायरमन आम्हा तिघांच्या जागी नवे अलार्म घेऊन आला. वरचे दोन बदलून झाल्यावर त्याने मला उतरवलं, माझ्या जागी नव्याला चढवलं. नव्याच्या तोंडावर माझ्यासारखीच पिवळी टोपी होती. वायरमनने ती काढून सवयीने बाबांपुढे धरली. बाबांनी हात मागे घेतला. आत्याने ती घेतली, इथेच, माझ्या शेजारी, आईच्या मोठ्या कात्रीने तिचे दोन तुकडे केले आणि काठी टेकत वर गेली. मशीन काढून झोपायला.

मित्रांनो, माझी धुगधुगी संपत आली आहे. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर आज मान वर करून त्याच्याकडे बघा. त्याच्या तोंडावर काही झाकलेलं नाही ना, त्याच्या पोटातलं कुणी काढून नेलं नाही ना, त्याच्या पोटावरची तारीख उलटली नाही ना, एवढं विचारा. तो स्वतः सांगू शकत नाही. आणि तो ओरडला तर पलंगावर पडून मोजत बसू नका.

आता वायरमनने नव्यावर धूर सोडला आहे. कसला आवाज आहे पोराचा. चिंगी, जी आता दांड्याने स्वतःच बटण दाबेल एवढी उंच झाली आहे, जिन्याच्या पायथ्याशी उभी आहे आणि मोजते आहे. आई तिच्या मागे उभी आहे. बाबांनी कठडा धरला आहे. दहा झाले, अकरा झाले. मला सवयीने ठोक्यांची वाट बघावीशी वाटते. ठोके येत नाहीत. वर दाराची कडी वाजते. मग पाऊल, काठी, पाऊल, काठी. चौदा पायऱ्या आहेत, मला पाठ आहेत. शेवटच्या पायरीवर आत्या थांबते, नव्याकडे मान वर करून बघते, आणि तिच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणते, "बोंबल, बाळा. आले मी."